तो आकडा तीन होता की आठ?

पत्र : नमस्कार. वय ४७. कॉलेजात असताना ‘एज ऑफ एम्पायर्स २’साठी रात्रीच्या रात्री जागवल्या, मग नोकरी-संसारात सगळं सुटलं. दोन वर्षांपूर्वी पुन्हा नाद लागला. सध्या ‘सिव्हिलायझेशन ६’ आणि ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ हे राज्य चालवायचे स्ट्रॅटेजी गेम खेळतो, तेही जुन्या १४ इंची लॅपटॉपवर. रिझोल्यूशन १३६६×७६८. मागच्या आठवड्यात शत्रूच्या सैन्यावरचा आकडा मला तीन वाटला. हल्ला केला. तो आठ निघाला. सगळी फौज कापली गेली. आता नवा लॅपटॉप घ्यायचाच आहे. समोर तीन आहेत : १५.६ इंची १९२०×१०८०, १६ इंची २५६०×१६००, आणि १४ इंची २८८०×१८००, ओलेड. भाचा म्हणतो, घ्यायचाच तर फोर-के घ्या, नाहीतर पस्तावाल. शिवाय खेळ शेवटाकडे आला की एकेका टर्नला (पाळीला) चहा पिऊन होतो, तो वेळ नव्या स्क्रीनने कमी होईल का? चष्मा नुकताच प्रोग्रेसिव्ह झालाय, तासाभरात मान धरते. काय करू? – आठाने मारलेला

उत्तर :

तुमच्या फौजेचं वाईट वाटलं. खरं सांगायचं तर थोडं हसूही आलं, कारण असा फटका मलाही बसला आहे, त्याबद्दल पुढे सांगते. निकाल आधी देऊन टाकते, कारणं नंतर. तिघांतला १६ इंची घ्या. पैसे ताणायचे नसतील तर १६ इंचीतच १९२०×१२०० मिळतोय का ते बघा, तोही तुम्हाला पुरेल. १४ इंची ओलेड दिसायला देखणा आहे, पण तुमच्या कामाचा नाही. आणि भाच्याला सांगा, फोर-के, म्हणजे ३८४०×२१६० ठिपक्यांची स्क्रीन, भिंतीवरच्या टीव्हीला शोभते.

लॅपटॉप दाखवताना स्क्रीनवर नेहमी काय लावलेलं असतं? पोपट, धबधबा, फुलावरचं दव. बघून माणूस हरखतो. पण आपण पोपट बघायला बसत नाही, आपण वाचायला बसतो. बंदुकीचे गेम खेळणाऱ्याची नजर स्क्रीनच्या मध्यावर खिळलेली असते. आपली सारखी कडेकडेने फिरते. वर तिजोरीतला पैसा, कोपऱ्यात मिनीमॅप (अख्ख्या नकाशाचं छोटं चित्र), उजवीकडे सैन्यांची आणि वेढ्यांची यादी, डावीकडे उघडलेला प्रांत, आणि या सगळ्यावर माउस नेला की उमलणाऱ्या टूलटिपा, म्हणजे माहितीच्या छोट्या चौकटी. ‘क्रुसेडर किंग्ज ३’ (२०२०) मध्ये तर टूलटिपेतल्या शब्दावर माउस धरला की तिच्यावर दुसरी टूलटिप उघडते, दुसरीवर तिसरी. आपल्या खेळात निसर्गसौंदर्य हे तोंडी लावण्यापुरतं. मुख्य जेवण म्हणजे मजकूर.

म्हणून स्क्रीन किती ‘के’ची आहे हे मी शेवटी विचारते. आधी विचारते : सगळ्यात बारीक अक्षर किती मिलिमीटरचं दिसेल, ते किती ठिपक्यांनी काढलेलं असेल, आणि तेवढ्या अक्षराच्या किती ओळी उभ्या मावतील? या तिघांचा लोक एकच गोळा करतात आणि तिथेच फसतात.

आता जरा हिशेब करू. गेमने एखादा आकडा १० पिक्सेल, म्हणजे १० ठिपके, उंच काढलाय असं धरा. तुमच्या सध्याच्या १४ इंची, १३६६×७६८ स्क्रीनवर एका इंचात साधारण ११२ पिक्सेल बसतात, म्हणजे तो आकडा सव्वादोन मिलिमीटरचा झाला. हे काही लहान नाही. मग आठाचा तीन कसा वाटला? कारण आकडा लहान नव्हता, मोडका होता. इंग्रजी तीन आणि इंग्रजी आठ यांच्यात फरक तो काय, डाव्या बाजूच्या दोन-चार ठिपक्यांचा. दहा ठिपक्यांच्या उंचीत त्यातले दोन पुसट झाले की आठ संपला आणि तीन सुरू झाला.

त्यातून माझा एक संशय आहे, आणि तो तुम्ही आजच, पैसे न घालवता तपासू शकता. गेमच्या सेटिंगमध्ये जा आणि रिझोल्यूशन १३६६×७६८च आहे ना ते बघा. कधीकधी गेम पहिल्यांदा उघडताना १२८०×७२० धरून बसतो. मग १२८० ठिपक्यांचं चित्र १३६६ ठिपक्यांवर पसरवायचं म्हणजे दर पंधरा ठिपक्यांत एक ठिपका जास्तीचा कोंबायचा. तो बसत नाही, म्हणून शेजारच्यांत मिसळतो, आणि सगळ्या अक्षरांवर जणू साय धरते. लॅपटॉपच्या स्क्रीनला तिचं स्वतःचं एकच रिझोल्यूशन असतं, बाकी सगळी उसनी. मजकुराच्या खेळात उसनं चालत नाही. आणि हल्ला करण्याआधी शत्रूच्या सैन्यावर क्षणभर माउस धरायची सवय लावा, टूलटिपेत संख्या तपशिलाने येते. नकाशावरच्या धुक्यात, म्हणजे तुम्हाला न दिसणाऱ्या मुलखात, दडलेल्या सैन्याची मात्र येत नाही; तिथे तुमचं नशीब.

आता तोच १० पिक्सेलचा आकडा तुमच्या तीन पर्यायांवर ठेवून बघू. १५.६ इंची १९२०×१०८०वर इंचाला १४१ पिक्सेल बसतात, आकडा १.८ मिलिमीटर. १६ इंची २५६०×१६००वर इंचाला १८९, आकडा १.३ मिलिमीटर. १४ इंची २८८०×१८००वर इंचाला जवळपास २४३, आकडा जेमतेम १ मिलिमीटर. आणि भाच्याच्या १५.६ इंची फोर-केवर, म्हणजे ३८४०×२१६०वर, इंचाला २८२ : आकडा ०.९ मिलिमीटर. मोहरी याहून मोठी असते.

अर्थात कोणी असं उघड्या पिक्सेलने खेळत नाही. विंडोजमध्ये आणि बहुतेक नव्या गेममध्ये स्केलिंग, म्हणजे अक्षरं-बटणं मोठी करायची सोय, असतं, १२५ टक्के, १५० टक्के, २०० टक्के. १६ इंचीवर १५० टक्के केलंत की दहाचा आकडा पंधरा पिक्सेलचा होतो, उंची २ मिलिमीटर. म्हणजे आज दिसतो साधारण तेवढाच, पण आज जिथे शंभर ठिपके होते तिथे सव्वादोनशे. तीनाचं पोट आता नीट उघडं दिसतं. जास्त रिझोल्यूशनचा खरा फायदा हाच : अक्षर मोठं होत नाही, सुबक होतं.

पण स्केलिंग फुकट मिळत नाही, आणि फोर-केची गंमत इथेच उघडी पडते. मजकूर दीडपट केलात की जागा दीडपटीने आटते. १६०० ओळींच्या (या ओळी मजकुराच्या नव्हेत, ठिपक्यांच्या) स्क्रीनवर १५० टक्के म्हणजे गेमच्या हिशेबी उभ्या १०६६ ओळी उरल्या. १०८०च्या स्क्रीनवर १२५ टक्के म्हणजे ८६४. आणि १५.६ इंची फोर-केवर वाचता येण्यासाठी २५० टक्के ठेवलंत तर २१६० भागिले अडीच : पुन्हा ८६४. यादीची एक ओळ जास्त नाही, टूलटिपेला एक रेघ जास्त नाही. अक्षरं मात्र लोण्यासारखी दिसतील, हे खरं.

मग जागा ठरवतं कोण? सेंटिमीटर. अक्षर २ मिलिमीटरचंच ठेवायचं असं एकदा ठरलं, की किती ओळी मावतील हे फक्त स्क्रीनची उभी उंची सांगते. पिक्सेल कितीही ओता. १५.६ इंची आडव्या घाटाची स्क्रीन (१६:९) साडेचौतीस सेंटिमीटर रुंद आणि १९.४ उंच असते. १६ इंची उभट घाटाची (१६:१०) तेवढीच रुंद, पण २१.५ उंच. रुंदी तीच, उंची दोन सेंटिमीटर जास्त! हे दोन सेंटिमीटर कागदावर हसण्यासारखे वाटतात. खेळताना त्यात खालची बटणांची अख्खी पट्टी मावते आणि नकाशाला हात लागत नाही. ७६८ ओळींच्या स्क्रीनवर ज्या खिडकीचं ‘ओके’ बटण खाली कुठेतरी बुडालेलं असतं, तिच्याशी झटापट केलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. तुम्ही ती केलीच असणार.

म्हणूनच वर म्हटलं, १६ इंची १९२०×१२००सुद्धा चालेल. त्यावरचं अक्षर १५.६ इंची १०८०वर दिसतं तेवढंच दिसतं, इंचाला १४१च पिक्सेल, पण १२० ओळी जास्तीच्या. माझ्या मते कमी पैशात स्ट्रॅटेजी खेळणाऱ्याला मिळू शकणारी ही सगळ्यात शहाणी स्क्रीन आहे, आणि जाहिरातीत हिचं नाव कोणी घेत नाही.

एक अपवाद सांगते, नाहीतर कोणीतरी पत्र लिहून मला पकडेल. ‘स्टारक्राफ्ट २’ (२०१०) सारख्या काही गेममध्ये नकाशाचा उभा आवाका ठरलेला असतो आणि स्क्रीन जितकी आडवी तितका बाजूचा मुलूख जास्त दिसतो. तिथे १६:१० वाल्याला १६:९ वाल्यापेक्षा कडेचा पट्टा थोडा कमी दिसतो. तुम्ही तो खेळत नाही, सोडून द्या.

आता माझी फजिती. काही वर्षांपूर्वी मी १३.३ इंची फोर-के लॅपटॉप घेतला. इंचाला ३३१ पिक्सेल! घरी आणून पहिला उघडला तो एक जुना, जिवाभावाचा गेम. त्याला स्केलिंग नावाची गोष्ट ठाऊकच नव्हती. त्याने आपले प्रामाणिकपणे १० पिक्सेलचे आकडे काढले, पाऊण मिलिमीटरचे. नकाशा असा पसरला की अर्धं जग एका नजरेत, आणि त्यातलं एक अक्षर लागेना. मी पहिले दोन दिवस शिवणकामाच्या डब्यातलं भिंग घेऊन खेळले. डाव्या हातात भिंग, उजव्यात माउस. तिसऱ्या दिवशी भिंग ठेवायला गेले तेवढ्यात एक किल्ला पडला. मग रिझोल्यूशन १९२०×१०८०वर आणलं, म्हटलं बरोब्बर निम्मं आहे, एकाचे चार ठिपके होतील, चित्र स्वच्छच राहील. तर तेही सायीत बुडालेलं! कारण ग्राफिक्सचं ड्रायव्हर ताणताना ठिपक्यांच्या कडा आपणहून मऊ करतं, पट पूर्ण असली तरी. यावर उपाय २०१९ पासून यायला लागला, त्याला इंटिजर स्केलिंग म्हणतात : एका ठिपक्याचे बरोब्बर चार किंवा नऊ ठिपके, मधे मिसळामिसळ नाही. नव्या लॅपटॉपवर ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनेलमध्ये शोधा, जुन्या गेमसाठी लागेल.

जुन्या गेमचं गणितच वेगळं आहे, आणि तुम्ही कॉलेजातल्या आठवणी काढल्यात म्हणून सांगते. मूळ ‘एज ऑफ एम्पायर्स २’ (१९९९) मध्ये गावकरी ठरलेल्या पिक्सेलचा होता. तुम्ही ८००×६०० वरून १०२४×७६८ वर गेलात की गावकरी लहान आणि मुलूख जास्त. चक्क लढाईत फायदा व्हायचा. २०१९ च्या ‘डेफिनिटिव्ह एडिशन’मध्ये झूम आहे, तिथे ही भानगड मिटली. त्याच वर्षीचा, म्हणजे १९९९ चा, ‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ मात्र मुळात ८००×६०० लाच खिळलेला. तो १०८० ओळींवर १.८ पट होतो, म्हणजे साय. इंटिजर लावलं तर एकच पट मावते आणि १५.६ इंची स्क्रीनच्या मधोमध साडेचौदा सेंटिमीटर रुंदीचं पोस्टकार्ड उरतं. तुमच्या १६ इंची २५६०×१६०० वर तोच बरोब्बर दुप्पट होतो, १६००×१२००, साडेएकवीस सेंटिमीटर रुंद, आणि कडा कोरीव. जुन्या खेळांसाठी २५६०×१६०० निवडण्याचं हे एक लबाड कारण.

‘युरोपा ४’ (२०१३) या दोन युगांच्या मधला. त्यात स्केलिंग आहे, पण अक्षरं आधीच ठिपक्यांत काढून ठेवलेली असतात, त्यामुळे स्केल केल्यावर ती नव्याने रेखली जात नाहीत, तीच ताणली जातात. वर सव्वादोनशे ठिपक्यांचं जे कौतुक केलं ते तिथे पूर्ण मिळणार नाही. मोठं दिसेल, किंचित मऊ दिसेल. तरी १६ इंचीवर सव्वापट ठेवून बघा, १२८० ओळी हाताशी राहतात. नाही जमलं तर दीडपट. सगळ्यात वाईट म्हणजे विंडोजने आणि गेमने दोघांनी आपापलं स्केलिंग एकावर एक चढवणं. खिडकी स्क्रीनबाहेर जाते, माउस एकीकडे आणि क्लिक भलतीकडे. असं झालं तर गेमच्या फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, तिथे हाय डीपीआयची सेटिंग उघडून स्केलिंग अॅप्लिकेशनवर सोपवा. एकदाच करायचं काम आहे.

ओलेडबद्दल. काळा रंग खरोखर काळा, रंग जिवंत, सगळं मान्य. पण ओलेडचा प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः झिजतो, आणि एकच उजळ चित्र एकाच जागी तासन्‌तास राहिलं तर तिथले ठिपके शेजाऱ्यांपेक्षा लवकर मंदावतात. आता तुमचा खेळ आठवा. मिनीमॅपची चौकट, वरची सोन्याची पट्टी, टर्न संपवायचं गोल बटण. ‘सिव्हिलायझेशन’मध्ये ही चार-चार तास जागची हलत नाहीत. सिनेमा बघणाऱ्याला या झिजेची चिंता नसते, आपल्यासारख्याला असते. पॅनेल चित्र अधूनमधून एखाद-दोन ठिपके सरकवून स्वतःला वाचवायचा प्रयत्न करतात, हेही खरं. तरी जो माणूस एकच गेम दोन वर्षं खेळतो त्याने साधा आयपीएस पॅनेल (ओलेड नसलेला, मागच्या दिव्याने उजळणारा) घ्यावा, मॅट. चकचकीत काचेत धुक्याने झाकलेला काळा मुलूख उघडला की त्यात आपलाच चेहरा दिसतो, आणि रात्री दीडला तो बघवत नाही.

टर्नच्या चहाबद्दल. नाही, स्क्रीनने तो वेळ एक सेकंदानेही कमी होणार नाही. तुम्ही ‘नेक्स्ट टर्न’ दाबलंत की संगणकाची सगळी राज्यं एकेक करून विचार करायला बसतात : कुठलं सैन्य कुठल्या वाटेने न्यायचं, कोणाशी तह, कुठे धान्याचं कोठार बांधायचं. हे सगळं प्रोसेसरचं काम. ग्राफिक्स कार्ड तेव्हा बहुतेक रिकामं बसलेलं असतं. खेळ पुढे सरकतो तशी शहरं वाढतात, सैन्यं वाढतात, हिशेब वाढतो, चहा वाढतो. पटत नसेल तर करून बघा : तुमचा सगळ्यात पुढचा सेव्ह उघडा, मोबाइलवर घड्याळ लावून एक टर्न मोजा, मग रिझोल्यूशन कमी करून तोच सेव्ह पुन्हा उघडून मोजा. आकडा जवळपास तोच येईल. म्हणून फोर-के पॅनेलसाठी भाचा जे जास्तीचे पैसे मोजायला लावतोय, ते चांगल्या प्रोसेसरला, १६ जीबी रॅमला आणि तापल्यावर दम न टाकणाऱ्या पंख्यांना द्या. पातळ लॅपटॉप पहिली दहा मिनिटं वाघ असतो, मग गरम होऊन स्वतःचा वेग स्वतः उतरवतो. आपला खेळ दहा मिनिटांचा नसतो.

उलट जास्त रिझोल्यूशनने दुसरीकडे ओझं वाढतं, तेही लक्षात घ्या. २५६०×१६०० म्हणजे जवळपास ४१ लाख पिक्सेल, १९२०×१०८०च्या दुपटीला जरा कमी. फोर-के म्हणजे बरोब्बर चौपट, ८३ लाखांच्या आसपास. नकाशा सरकवताना इतके ठिपके दर क्षणी रंगवायचे असतात. ‘सिव्हिलायझेशन ६’ साधं ग्राफिक्स कार्डही पेलतं, आणि त्यातला सपाट नकाशाचा ‘स्ट्रॅटेजिक व्ह्यू’ लावला तर आणखी हलकं. ‘टोटल वॉर’ घेणार असाल तर मात्र हजारो शिपाई एकदम धावतात, तिथे कार्ड बघून घ्या. ज्या गेममध्ये रेंडर स्केल किंवा रिझोल्यूशन स्केल नावाची पट्टी असते तिथे मूळ रिझोल्यूशन तसंच ठेवा आणि फक्त ही पट्टी ७०–८० टक्क्यांवर आणा. शिपाई जरा मऊ दिसतील, मजकूर मात्र साधारणपणे पूर्ण तीक्ष्ण राहतो, कारण तो वेगळा, वरून काढला जातो. आणि टर्नच्या खेळात फ्रेम, म्हणजे चित्र रंगवायचा वेग, सेकंदाला ६० वर बांधून टाका. १४४ हर्ट्झची स्क्रीन असली म्हणून तंबूत बसलेल्या सेनापतीला सेकंदाला १४४ वेळा रंगवायची गरज नाही. बांधलंत की पंखे शांत होतात.

आता मान. इथे स्क्रीनपेक्षा चष्म्याचा वाटा मोठा असावा असं मला वाटतं. प्रोग्रेसिव्ह काचेत जवळचं बघायचा भाग खाली असतो, आणि लॅपटॉपची स्क्रीन असते समोर, मधल्या अंतरावर. मग माणूस हनुवटी वर करून काचेच्या खालच्या भागातून वाचत राहतो, आणि तासाभरात मान धरते. खेळताना बसता तसे बसा आणि कोणाला तरी डोळ्यापासून स्क्रीनपर्यंत टेप लावून मोजायला सांगा. तो आकडा डोळ्यांच्या डॉक्टरांना द्या. त्या अंतरासाठी वेगळा चष्मा करता येतो.

अंतर मोजलंत की आणखी एक गोष्ट हाती लागते. चांगली नजर एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखते. ५० सेंटिमीटरवरून याचा अर्थ इंचाला साधारण १७५ पिक्सेल, ६० सेंटिमीटरवरून १४६. त्यापुढचे ठिपके असतात, फायदा घटत जातो. म्हणजे लॅपटॉप हाताशी घेऊन बसत असाल तर १६ इंची २५६०×१६००चे १८९ सार्थकी लागतात. लॅपटॉप मागे सारून, वेगळा कीबोर्ड-माउस लावून ६०–६५ सेंटिमीटरवर बसणार असाल तर १४१वालाही तितकाच नीट दिसेल. फोर-केचे २८२ दोन्हीकडे बहुतांशी वायाच.

घेण्याआधी एक पोरकट वाटणारा प्रयोग करा. जुन्या वर्तमानपत्रातून दोन तुकडे कापा : एक ३४.५×२१.५ सेंटिमीटर, हा १६ इंची, दुसरा ३०×१८.८, हा १४ इंची. दोन्ही आळीपाळीने तुमच्या टेबलावर, तुमच्या अंतरावर उभे करा. पुस्तकांच्या थप्पीला टेकवा हवं तर. त्यावर पेनने मिनीमॅप काढा, उजवीकडची यादी काढा, डावीकडचा प्रांत काढा. मधे नकाशाला काय उरतं ते बघा. मी हे केलं तेव्हा १४ इंची तुकड्यावर यादी आणि प्रांत काढून झाल्यावर मधे तळहाताएवढा समुद्र उरला होता.

घरात एका जागी बसूनच खेळत असाल तर आणखी एक वाट आहे : लॅपटॉप कुठलाही घ्या आणि २४ इंची १९२०×१०८० मॉनिटर जोडा. इंचाला ९२ पिक्सेल, दहाचा आकडा २.८ मिलिमीटर, स्केलिंगची कटकटच नाही, आणि स्क्रीन डोळ्यांच्या उंचीवर आणता येते म्हणून मानही सुटते. फक्त दोन्ही स्क्रीन चालू ठेवल्यात तर नकाशा सरकवायला माउस कडेला नेताच तो पलीकडच्या स्क्रीनवर पळून जाईल. गेममध्ये माउस खिडकीत अडकवून ठेवायची सेटिंग असते, नाहीतर लॅपटॉपची स्क्रीन बंद करा.

शेवटचं. जुना लॅपटॉप कोणाला देऊन टाकण्याआधी डॉक्युमेंट्स फोल्डरात जा. तुमच्या दोन्ही खेळांचे सेव्ह सहसा तिथेच असतात. ते पेन ड्राइव्हवर घ्या. त्या लढाईच्या आधीचा सेव्ह असेल तर तो वेगळा ठेवा. नवा लॅपटॉप आला की सगळ्यात आधी तोच उघडा, पोपट नको. सैन्यावरचा आकडा टेकून बसल्या बसल्या, हनुवटी न उचलता वाचता आला तर स्केलिंग बरोबर बसलंय. नाही आला तर एक पायरी वाढवा. आणि मग, आठ आहेत हे नीट दिसल्यावर, मुकाट मागे सरका आणि कुमक येईपर्यंत थांबा.